वाद्यांच्या दुकानाचा गाण्या-बजावण्याचा दिवस, मिरज: कामाच्या नोंदी

२५ नोव्हेंबर २०२४, सोमवार

तारीख ठरली: रविवार, २२ डिसेंबर. सकाळी साडेआठ ते रात्री साडेआठ. डिसेंबर निवडण्याचं कारण हवा. पावसाळ्यात तबल्याची पुडी (वरचं चामडं) ओल धरते आणि दिवसभर उतरत राहते. एप्रिल-मेमध्ये ती उन्हाने इतकी चढते की काठावरून फाटण्याची भीती. डिसेंबरात पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव असतो, त्यामुळे नावाजलेले साथीदार मिळत नाहीत. पण हा दिवस गल्लीतल्या, पेठेतल्या आणि आसपासच्या गावांतल्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा आहे, म्हणून त्याची चिंता नाही.

जागेचा प्रश्न आजच उभा राहिला. दुकानासमोर मांडव घालायचा विचार होता. टेप लावून मोजलं: शेजारच्या रुग्णालयाची भिंत ७० मीटरवर. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रुग्णालय, शाळा आणि न्यायालयाभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. तिथे दिवसा ५० डेसिबलची मर्यादा, आणि नियम फक्त ध्वनिक्षेपकांपुरता नाही, ढोल वाजवणंही त्यात येतं. मिरज हे दवाखान्यांचं गाव. इथे कार्यक्रम ठरवताना आधी टेप काढायची आणि मग मांडववाल्याला फोन करायचा.

पर्याय मिळाला: मागच्या गल्लीतल्या जुन्या वाड्याचा चौक. रुग्णालयापासून १९० मीटर. चौक ३८ बाय २६ फूट, चारी बाजूंनी ओसरी, दगडी फरशी, वर आभाळ. मंच आणि येण्याजाण्याची वाट सोडून, माणशी ६ चौरस फूट धरले तर जाजमावर १२० जण आणि ओसरीत ४० खुर्च्या. गाणं-वाजवणं वाड्यात. दुकानात दार लावून दुरुस्तीचं टेबल आणि मुलांना वाद्यं हाताळून बघायची जागा.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

अर्ज छापले. प्रश्न पाचच: काय सादर करणार, किती वेळ, पट्टी (म्हणजे पेटीची कोणती काळी-पांढरी पट्टी षड्ज धरून गाणार) कोणती, तंबोऱ्याची पहिली तार पंचमाला, मध्यमाला की निषादाला, साथीदार कोण आणि त्यांची वाद्यं कोणती.

तिसरा आणि चौथा प्रश्न बहुतेक ठिकाणी विचारतच नाहीत. मग मारवा गाणारा मंचावर बसल्यावर सांगतो की पहिली तार निषादाला घ्या, आणि १५० माणसांसमोर खुंट्या पिळणं सुरू होतं. मालकंस असेल तर मध्यम, मारवा-पूरिया असेल तर निषाद, हे आधी कळलं की काम पडद्याआड उरकतं.

पट्टीच्या रकान्यात गडबड ठरलेली. "चार पट्टी" लिहितात, काळी की पांढरी ते लिहीत नाहीत. काळी चार आणि पांढरी चार यांत तीन अर्धस्वरांचं अंतर आहे. मोबाईलवरच्या तंबोऱ्यावर इंग्रजी अक्षर बघून लिहिणाऱ्यांच्या ॲपमध्ये सूर आधीच थोडा सरकवलेला असतो. म्हणून प्रत्येकाला फोन करून दोन ओळी गायला सांगितल्या आणि पेटीवर ताडून बघितलं. ३१ अर्जांतले १९ घेतले. काळी एक: ६. पांढरी चार: ३. काळी चार: ७, त्यात भजनी मंडळ आणि शाळेतल्या मुली. उरले तीन: बासरी पांढरी तीनची, एक पोवाडा, आणि गिटार व काहोन (लाकडी खोक्याचं तालवाद्य) घेऊन येणारी महाविद्यालयातली चार मुलं.

२ डिसेंबर, सोमवार

आज क्रम लावला. मानाच्या क्रमाने, म्हणजे आधी नवखे आणि शेवटी ज्येष्ठ, अशी यादी करून बघितली. तिच्यात पट्टी १३ वेळा बदलते. तंबोऱ्याची जोडी एका पट्टीवरून दुसरीवर न्यायला ८ मिनिटं. नेल्यावर पुढची १५-२० मिनिटं तारा सरकत राहतात, गायक मध्ये थांबून मागे बघतो. तबला अर्धा सूर हलवायचा तर ५ मिनिटं. बदलामागे सरासरी १० मिनिटं धरली तरी दोन तास दहा मिनिटं नुसती ठोकाठोक. पट्टीप्रमाणे लावलेल्या यादीत चारच बदल, ४० मिनिटं. यादी पट्टीप्रमाणेच लावली.

आडवं येतं ते रागाच्या वेळेचं. काळी एकचे सगळे सकाळी घेतले तर मारवा गाणाऱ्याचं काय? आणि भैरवीने शेवट करणारे ज्येष्ठ गायकही काळी एकचेच. तोडगा असा की तंबोऱ्यांच्या दोन जोड्या दिवसभर हलवायच्याच नाहीत. मर्दानी जोडी काळी एकला, जनानी जोडी काळी चारला. जी लागत नाही ती आतल्या खोलीत कापडाखाली. फिरवायची ती फक्त पहिली तार. तिसरी जोडी मधल्या मापाची, पांढरी चारसाठी.

तबल्याचं गणित यापेक्षा सोपं निघालं. काळी एकला लावलेला साडेपाच इंची तबला काळी एकच्या गायकाला षड्जावर लागतो. तोच काळी चारच्या गायिकेला मध्यमावर, आणि काळी तीनचा कुणी आला तर त्याला पंचमावर. अर्धा सूर उतरवून पांढरी एक केला की पांढरी चारवाल्यांचा पंचम होतो. म्हणजे जवळजवळ सगळा दिवस एका तबल्यावर निघू शकतो. अडचण एकच: काळी चारची एक गायिका भूप गाणार आहे. भूपात मध्यम नाही, तबला सतत मध्यम बोलत राहिला तर रागाची वाट लागते. तिच्यासाठी सहा इंची तबला काळी चारच्या षड्जावर वेगळा ठेवायचा. बासरीसाठी पाच इंची, पांढरी तीनला.

एका ज्येष्ठांनी सकाळी साडेनऊची वेळ ऐकून नाराजी दाखवली. "तोडी आहे ना, मग सकाळच हवी" एवढं त्यांना पुरलं. पट्टीचं गणित सांगितलं नसतं तरी चाललं असतं.

५ डिसेंबर, गुरुवार

पोलिस ठाण्यात लेखी अर्ज दिला: जागेचा नकाशा, वेळ, स्पीकरची संख्या, जबाबदार व्यक्ती. महानगरपालिकेचा अर्ज फक्त गल्लीच्या तोंडाशी लावायच्या कमानीपुरता. वाड्याच्या मालकांचं संमतिपत्र दोन्हीला जोडलं.

मर्यादेबद्दल एक गैरसमज सर्रास दिसतो. सार्वजनिक जागी ध्वनिक्षेपकाला जागेच्या हद्दीवर ७५ डेसिबल चालतात असं सगळे सांगतात. नियम असा आहे: त्या भागासाठी ठरवून दिलेल्या आवाजाच्या मानकापेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५, यांतलं जे कमी असेल ते. तुलनेसाठी मूळ आवाज रविवारी सकाळी वाड्याच्या दारात मोजला तर ५८ भरले. संध्याकाळी गल्ली जागी असते, ६२ भरले. मोबाईलच्या ॲपवर भरवसा ठेवला नाही, भाड्याने मीटर आणला.

सिनेमातली गाणी घ्यायची नाहीत असं ठरवलं. दुकान हा व्यवसाय आहे, तिथे परवान्याचा प्रश्न येतो. नाट्यपदांबाबत कवी आणि चाल देणारा या दोघांच्याही मृत्यूला ६० वर्षं उलटली आहेत का ते बघितलं. किर्लोस्कर (१८८५), भास्करबुवा बखले (१९२२), खाडिलकर (१९४८), गोविंदराव टेंबे (१९५५) हे सगळे त्यात बसतात. एका अर्जातलं पद अलीकडच्या संगीतकाराचं निघालं, ते बदलून घेतलं.

८ डिसेंबर, रविवार

तंबोऱ्यांचं काम. सहाही वाद्यांच्या तारा आज बदलल्या. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी नवी तार चढवणं ही नेहमीची चूक. नवी तार खुंटीवर बसायला, ताणायला आणि ओढ धरायला चार-पाच दिवस घेते. चढवल्यावर लगेच सुरात आणली, मग रोज सकाळ-संध्याकाळ परत सुरात. बाराव्या-तेराव्या दिवशी ती कुठे जात नाही. खुंटीवर फेरे चार, शेवटचा फेरा भोकाकडे सरकता. फेरे एकमेकांवर चढले की तार "टक्" करून अर्धा सूर उतरते आणि ते नेमकं आलापात होतं.

दोन खुंट्या घसरत होत्या. काढून पुसल्या, खडूची पूड लावली, दाबून फिरवल्या. एक अजून घसरते. तिचं भोक लंबगोल झालंय, खडूने भागणार नाही. नवी खुंटी कातायला दिली.

जवारी, म्हणजे घोडीच्या (तारा जिच्यावरून जातात तिच्या) माथ्याची घडण, जिच्यावर झंकार ठरतो. जवारी ज्या पट्टीला वाजवायची त्याच पट्टीला काढायची, हे दुकानात शिकायला येणाऱ्या प्रत्येक पोराला पहिल्या आठवड्यात सांगितलं जातं. काळी एकला उघडलेली जवारी काळी तीनला नेली की तारेचा ताण वाढतो, घोडीवर तार बसण्याची जागा बदलते आणि झंकार कोरडा होतो. जोड्या न हलवण्याचं हेही एक कारण. घोडीचा माथा आधी बारीक कानशीने, मग पात्याने, शेवटी पॉलिश पेपरने. प्रत्येक दोन-तीन ओढींनंतर तार परत बसवून ऐकायचं. घाई करणारा एक ओढ जास्त मारतो आणि मग सगळा माथा पुन्हा उतरवावा लागतो. दोरा शेवटी: सुती धागा तारेखाली सरकवत नेला की एका ठिकाणी आवाज एकदम फुलतो. तिथून केसभर मागे.

या वेळी जवारी नेहमीपेक्षा थोडी बंद ठेवली. बैठकीत खुली जवारी गोड लागते, पण माईकमधून तिचा वरचा झंकार पत्र्यासारखा येतो.

भोपळ्यांना तडे नाहीत, एका वाद्याच्या तबलीची (भोपळ्यावरच्या लाकडी झाकणाची) कड सुटली होती ती चिकटवली. भोपळे भीमाकाठचे, बेगमपूर-पंढरपूरच्या बाजूचे. भिंतीला टेकवून ठेवलेला तंबोरा घसरला की भोपळाच फुटतो, आणि त्या मापाचा, त्या जाडीचा भोपळा लगेच मिळत नाही. म्हणून वाड्यातल्या खोलीत प्रत्येक तंबोऱ्याला कापडाची चुंबळ आणि वाद्यं आडवी.

१२ डिसेंबर, गुरुवार

तबले. साडेपाच इंची दोन (एक चालू, एक राखीव), सहा इंची एक, पाच इंची एक, डग्गे तीन. राखीव तबल्याची वादी (चामड्याची दोरी) ढिली होती, ओढून घेतली. आधी गट्ट्यांनी (वादीखालच्या लाकडी ठोकळ्यांनी) ढोबळ सूर, मग गजऱ्यावर (पुडीच्या काठाच्या वेणीवर) हातोडीने बारीक. काठाभोवतीची सोळाही घरं एकसारखी बोलली पाहिजेत. एका घरात सूर उतरला तर तिथेच ठोकत बसण्यापेक्षा समोरच्या घरातही बघायचं, कारण पुडी दोन्हीकडून ओढलेली असते. आडवी हातोडी शाईला लागली की शाईचे कण सुटतात आणि तबला "खर्र" बोलू लागतो. तो मग कुणीच दुरुस्त करू शकत नाही, पुडी बदलायची.

पेटी: दोन. दोन्हींचे काळी एक आणि काळी चारचे सूर तंबोऱ्यांशी जुळवले. पेटी हलत नाही म्हणून सगळ्यांनी पेटीला जुळायचं. एक मात्र लक्षात ठेवायचं, पेटीचा गंधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा चढा असतो, जवळजवळ १४ सेंट (एका अर्धस्वराचे १०० सेंट). तंबोरा लावताना गंधारावर ताडून बघणारा हमखास फसतो. षड्ज आणि पंचमावरच जुळवायचं. दुसऱ्या पेटीची एक पट्टी दाबल्यावर वर येत नव्हती. पट्टीखाली तिळगुळाचा दाणा निघाला, बहुधा गेल्या संक्रांतीपासूनचा.

१६ डिसेंबर, सोमवार

काल, १५ डिसेंबरला, सॅन फ्रान्सिस्कोमध्ये झाकीर हुसेन गेले. आज सकाळी बातमी पक्की झाली. दुकानात दिवसभर तबलेवाले येत राहिले, काम कमीच झालं.

कार्यक्रमात बदल: २० मिनिटांचा एकल तबला दुपारी ठेवला होता, खरं तर दोन पट्ट्यांमधली फट भरायला. तो सकाळी पहिला घेतला. तीनताल, लेहरा (तालाबरोबर फिरत राहणारी धून) पेटीवर, काळी एक. पट्टीचं गणित बिघडत नाही. निवेदनात नाव, दोन वाक्यं आणि मग तबला, एवढंच.

१८ डिसेंबर, बुधवार

आवाजाची चाचणी, वाड्यातच. दोन १२ इंची स्पीकर साडेसहा फूट उंच स्टँडवर, मंचाच्या पुढच्या कडेच्याही पुढे, तोंडं थोडी आत वळवलेली. दोन लहान मॉनिटर (कलाकारांकडे तोंड केलेले स्पीकर). १२ चॅनेलचा मिक्सर ओसरीच्या मागच्या कोपऱ्यात, म्हणजे साऊंडवाल्याला जनतेसारखंच ऐकू येईल.

चॅनेल: १ गायक, २ दुसरा आवाज, ३ पेटी, ४ तबला, ५ डग्गा, ६ तंबोरा, ७ सतार किंवा बासरी, ८ निवेदन. ६ आणि ७ वर कंडेन्सर माईक, त्यांनाच ४८ व्होल्टचा पुरवठा. तो चालू-बंद करताना चॅनेल बंद ठेवायचा, नाहीतर स्पीकरमध्ये धाडकन आवाज.

माईक कुठे: गायकाच्या तोंडापासून चार बोटं, तान घेताना मागे सरकणाऱ्यांना एक वीत. तबल्यावर वरून वीतभर, शाईकडे तोंड. पेटीला भात्याच्या बाजूने माईक लावला की सुरांबरोबर भात्याची धापही ऐकू येते. उलट बाजूने, वरून. तंबोऱ्याचा माईक भोपळ्यापाशी नको, घोडीच्या वर, दांडीच्या बाजूला. भोपळ्यापाशी नुसतं "बूम" मिळतं. १०० हर्ट्झच्या खालचं सगळं कापलं.

शिट्टी (फीडबॅक) आली ती तंबोऱ्याच्या माईकमधूनच, २५० हर्ट्झच्या आसपास. चौक दगडी, भोपळा पोकळ, मॉनिटर समोर: तिन्ही मिळून घुमतात. मिक्सरवर तेवढाच भाग ४ डेसिबल खाली घेतला आणि मॉनिटरमधून तंबोरा काढून टाकला. गायकाला तंबोरा हवाच असतो, तर दोन्ही तंबोरेवाले त्याच्या कानामागे तीन फुटांवर. मॉनिटरने जे काम शिट्टी देऊन केलं असतं ते हे फुकटात करतात.

लाकडी मंच पोकळ होता, डग्गा वाजला की सगळा मंच डग्ग्यासारखा. खाली वाळूची सहा पोती आणि गोणपाट, वर सतरंजी, मग गादी. निम्मा आवाज गेला. फरशीवर दुहेरी जाजम आणि समोरच्या ओसरीच्या खांबांमध्ये चार जुन्या गोधड्या. माणसं भरली की अजून कोरडं होईल.

गुणगुण: ५० हर्ट्झची, बारीक पण सतत. मिक्सर ओसरीतल्या प्लगवर आणि स्पीकर चौकातल्या, दोन वेगळे फेज, दोन वेगळे अर्थिंग. सगळी आवाजाची यंत्रणा एकाच बोर्डावर आणली, दिव्यांच्या माळा दुसऱ्यावर. गुणगुण गेली. राहिलेली थोडी पंख्याच्या रेग्युलेटरची, पंखा बंद.

२० डिसेंबर, शुक्रवार

दुरुस्तीच्या टेबलाची तयारी. दोन कारागीर, ११ ते ५, एका कामाला २० मिनिटं, मध्ये तासभराची सुट्टी. हिशेब ३० कामांचा येतो, टोकन २४ छापली. उरलेला वेळ "जरा बघा ना" म्हणणाऱ्यांसाठी, कारण ते येतातच.

घेणार: तार बदलणं, जवारीचा दोरा, घसरणारी खुंटी, मणी (तंबोऱ्याचा बारीक सूर लावायचे), तबल्याचे गट्टे आणि ढिली वादी, पेटीची अडकलेली पट्टी, पेटीच्या सुरांच्या पत्त्यांत बसलेली धूळ, गिटारच्या तारा. घेणार नाही: नवी पुडी, फुटलेला भोपळा, भात्याचं चामडं, पूर्ण जवारी. पूर्ण जवारीला दोन तास लागतात, आणि गर्दीत कानाला काही ऐकू येत नाही. हे दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलं.

दुकानातल्या फलकावर मिरज सतार आणि मिरज तंबोरा यांना २०२४ मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनाची माहिती. दोन वाद्यांना दोन वेगळी मानांकनं आहेत, एकच असल्याचं छापून आलेला पहिला फलक परत पाठवला.

अजानची वेळ धरून विश्रांत्या ठरवल्या: दुपारी सव्वा ते तीन, मग पावणेपाच, मग सूर्यास्ताची, सहाच्या सुमारास. मशिदीत जाऊन वेळा विचारून घेतल्या, अंदाजाने लिहिल्या नाहीत.

२१ डिसेंबर, शनिवार

मंच, जाजम, तारा, दिवे. सगळ्या केबल्या भिंतीकडेने, वाटेत आल्या तिथे रबरी पट्टीखाली. जनरेटर ५ केव्हीएचा गल्लीत, वाड्याच्या भिंतीपलीकडे. पाण्याचे २० लिटरचे सहा जार. चहा ओसरीच्या मागे, मंचापासून लांब: कपबशांचा आवाज तंबोऱ्याच्या माईकला फार आवडतो.

तंबोरे रात्रीच वाड्यात नेले. थंडीत नेऊन सकाळी लगेच लावण्यापेक्षा रात्रभर तिथली हवा खाऊ दिलेली बरी.

२२ डिसेंबर, रविवार

७.०० – तंबोरे लावले. हवा १६ अंश.

८.३५ – एकल तबला. पाच मिनिटं उशीर, ओसरी भरली.

९.१० ते ११.२० – काळी एक: सतार, तोडी, पुन्हा एक ख्याल. एकदाही तंबोरा हलवला नाही. दारात मीटर ६४ ते ६७.

११.३० – पांढरी चार. चालू तबला अर्धा सूर खाली. नाट्यपदं दोन, अभंग एक.

१२.४० – ऊन चौकात उतरलं. इथे सगळ्यात मोठा घोटाळा. उन्हाने तंबोऱ्याच्या पोलादी तारा तापून सैल, सूर खाली. त्याच उन्हाने तबल्याची पुडी सुकून ताठ, सूर वर. दोघं उलट दिशांना गेले, पेटी मध्ये. मंचावर छत होतं, पण तबला छताच्या कडेला, गुडघाभर उन्हात. जागा दोन फूट आत सरकवली, तबला गजऱ्यावरून खाली आणला, तंबोरे मण्यांनी वर. नऊ मिनिटं गेली. छत फूटभर पुढे काढलं असतं तर टळलं असतं. दुपारची सावली सकाळी बघून ठरत नाही, आदल्या दिवशी दुपारीच बघायला हवी होती.

१.१५ – विश्रांती. दुरुस्तीच्या टेबलावर २४ टोकनं बारा वाजताच संपली होती. सगळ्यात जास्त काम: गिटारच्या तारा (७), तबल्याचे गट्टे (६), पेटीच्या पट्ट्या (५). एका घरातून आलेला जुना तंबोरा, जवारी पूर्ण गेलेली, घेतला नाही. पुढच्या आठवड्याची वेळ दिली.

३.०५ – काळी चार. शाळेच्या मुली, मग भूप, सहा इंची तबल्यावर. भूप संध्याकाळचा राग, दुपारी घेतला म्हणून एकाने कुरकूर केली. रास्त आहे. पट्टीसाठी रागाची वेळ मोडायची नाही असं ठरवूनही इथे मोडली.

४.४५ ते ५.०५ – विश्रांती. ५.०५ बासरी. ५.३० गिटार-काहोन, गिटार माईकशिवाय, थेट डीआय बॉक्समधून मिक्सरला. काहोनला माईक नको, चौक पुरे.

५.५५ – अजानसाठी थांबलो. ६.२० पोवाडा, डफ आणि तुणतुणं, माईक फक्त शाहिरांना. ६.४० मारवा, काळी एकची जोडी आतून आणली, पहिली तार आधीच निषादाला. दोन मिनिटांत सुरू. सूर्यास्त होऊन अर्धा तास झाला होता, अजून एक राग त्याच वेळेत बसवता आला नाही.

७.१५ – भजनी मंडळ. यादीत "टाळकरी" एवढंच होतं, आकडा नव्हता. सहा धरले होते, पंधरा आले. मंचावर जागा नाही, नऊ जण जाजमावर उभे. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक आतल्या खोलीतच लावून आणली होती, मुठीएवढी. अर्ध्या तासात सुकू लागते, पाण्याचा हात मारायला वाटी जवळ. टाळांना माईक नाही, तरी तबल्याच्या आणि पखवाजाच्या माईकमधून टाळच जास्त. दारात मीटर ७४. वीणेकऱ्यांचा आवाज सोडून सगळे चॅनेल बंद केले, ७१ वर आलं. मुळात टाळच तेवढे मोठे, मिक्सरवर काही करायला उरलं नव्हतं. मंडळ वेळेपेक्षा अठरा मिनिटं जास्त. विठ्ठलाच्या नावाला मध्ये कोण थांबवणार?

८.१८ – भैरवी, काळी एक, तोच तंबोरा. ८.४५ ला संपलं. परवानगी रात्री १० पर्यंतची होती.

२३ डिसेंबर, सोमवार

आवराआवर. एक एक्सएलआर (माईकची) केबल तुटलेली, एका मण्याचा पत्ता नाही. सहा इंची तबल्याचा एक गट्टा चपटा झालाय, बदलला. तंबोरे दुकानात आणले, सगळ्या तारा एक-दीड सूर खाली केल्या: ताणलेल्या ठेवल्या तर दांडीवर ओढ राहते आणि मधल्या जोडीच्या तारा उगाच तुटतात. दोरे काढून तारांनाच गुंडाळून ठेवले, म्हणजे हरवत नाहीत.

वाड्याच्या मालकांना फरशी धुऊन दिली. गोधड्या परत.

२४ डिसेंबर, मंगळवार

पुढच्या वेळच्या अर्जात दोन बदल. "किती वेळ" च्या खाली "कमीत कमी किती" हाही रकाना. आणि सहावा प्रश्न: टाळ किती?